बुरुजपुऱ्याचा भोंगा

भोंगाकाकू बुरुजावरून बोलल्या की वेशीबाहेर एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला शब्दन् शब्द कळायचा. मध्ये अख्खी वस्ती होती. मातीच्या सपाट छपरांची म्हणजे धाब्याची घरं, कवेलूची म्हणजे कौलारू घरं, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी. गिरणी चालू असली तरी फरक पडत नसे. काकू ओरडत नसत, हे आधीच नोंदवायला हवं. ओरडणाऱ्याच्या मानेच्या शिरा फुगतात, चेहरा लाल होतो. काकूंचं तसं काही होत नसे. कमरेवर हात ठेवून शेजारणीशी बोलावं तसं त्या बोलत, आणि ते सगळ्या पुऱ्याला ऐकू जाई.

बुरुजपुरा हा गावाचा सर्वांत जुना भाग. जळगाव जामोदवरून सातपुड्याच्या दिशेने येणारी एस.टी. इथे थांबते आणि इथूनच परत फिरते, कारण पुढे रस्ता नाही, डोंगर आहे. एके काळी वस्तीभोवती तट होता. तो पडला, त्याचे दगड घराघरांच्या जोत्यात गेले. दक्षिणेला वेस आणि उत्तरेला एक बुरूज तेवढा उरला. बुरुजामागे वनखात्याचं उद्यान, उद्यानामागे अभयारण्य, अभयारण्यामागे निळसर डोंगर. यांच्यात आणि वस्तीत कुंपण म्हणण्यासारखं काही नाही. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की बुरुजापासून वेशीपर्यंत छपराछपरांवरून जाता येतं. बायका पापड घेऊन तशाच जातात. वानरंही तशीच जातात.

वर्तमानपत्राचा तालुका वार्ताहर म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी काकूंच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. जंगलाच्या बातम्या इथून जवळ पडतील असा हिशेब होता. पहिल्याच सकाळी डोक्यावरून आवाज आला. "वांदरं आले वो. बुरजाकडून आले. राधा, तुह्या कुरडया उचल. शेवंते, तू कायले हासतं? तुह्याच धाब्यावर चालले थे." पाठोपाठ छपराछपरांवर पळापळ झाली, परड्या आपटल्या, आणि एक मोठा काळतोंड्या वानर शेवंताबाईंच्या धाब्याच्या कठड्यावर क्षणभर थांबून, आवाज आला त्या दिशेने बघून, परत बुरुजाकडे वळला. मी खाली आलो तेव्हा काकू चहा गाळत होत्या. घरात त्यांचा आवाज चारचौघांसारखा होता. "झोपमोड झाली का पेपरवाले भाऊ? होईन काही दिवस. मंग सवय होते. नाई झाली त खोली सोडा. आवाज काही सुटनार नाई."

हा आवाज ही पुऱ्याची गरज होती, करमणूक नव्हे. उन्हाळ्यात इथल्या प्रत्येक छपरावर पापड, कुरडया, सरगुंडे आणि ज्वारीच्या बिबड्या वाळत असतात. वर्षभराची बेगमी ती. वानरांना दगड मारायचा नाही, हा पुऱ्याचा जुना रिवाज. एक तर ती मारुतीची, दुसरं म्हणजे नेम चुकला की शेजाऱ्याचं कवेलू फुटतं आणि वानर राहतं बाजूला, भांडण शेजाऱ्याशी होतं. जंगल लागून असल्यामुळे फटाके फोडायला वनखात्याची मनाई. राहिला आवाज. तो सगळ्यांत मोठा काकूंकडे होता, आणि त्यांच्या धाब्यावरून बुरुजावर चढायला पायऱ्या होत्या. त्यामुळे हे काम त्यांच्याकडे कोणी दिलं नाही आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

आवाजाचा उगम वरवट बकालकडच्या माहेरात होता. लग्नाआधी त्या हंगामात ज्वारीच्या शेतात माच्यावर बसून पाखरं उडवत. तिथे ऐकणारं कोणी नसल्यामुळे आवाज मोजायचा प्रश्न आला नाही. सासरी आल्यावर आठवडाभर नवी सून कोणाशी मोठ्याने बोलली नाही. मग एका दुपारी सासूबाईंच्या सरगुंड्यांवर वानर बसलं आणि सुनेच्या तोंडून माहेरचा आवाज निघाला. वेशीजवळचे लोक काय झालं म्हणून धावत आले. "सासू माह्याकडं पाहे, मी जमिनीकडं," काकू सांगत. "मले वाटलं आता घालते माहेरी. सासूनं सरगुंडे मोजले आन् म्हने, समदे हायेत. उद्यापासून तूच बस वरते."

'भोंगा' हे नाव कोणी ठेवलं याबद्दल पुऱ्यात एकमत नव्हतं. काकूंना ते माहीत होतं आणि त्यांचा आक्षेप नव्हता. आक्षेप वेशीजवळच्या अण्णांचा होता, आणि तो नावावर नव्हता, आवाजावर होता. अण्णा कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. त्यांचं घर वेशीला लागून, म्हणजे बुरुजापासून सर्वांत लांब. ते लहान मुलांशीही 'आपण' म्हणून बोलत. "हा सुसंस्कृत वस्तीला शोभणारा प्रकार नाही," असं ते मला दर भेटीत सांगत. "निरोप द्यायचा तर माणसाने जाऊन द्यावा. आपण वृत्तपत्रात आहात, आपण त्यांना समजवा." मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी त्याच क्षणी बुरुजाची पायरी चढून उत्तर दिलं. "अण्णा, पेपरवाल्याजवळ सांगतलेला निरोप भेटला. पाहू काय होते थे." अण्णांनी दार आपटलं असेल तरी त्याचा आवाज इथे आला नाही. तेवढ्या लांबचं फक्त काकूंचंच ऐकू येतं.

वानरांखेरीज त्या आणखी काही गोष्टी जाहीर करत. एस.टी. नाल्यावर आली की सांगत, "नाल्यावर आली वो. ज्याले जायचं थे निंघा." नाल्यापासून थांब्यापर्यंत यायला गाडीला जेवढा वेळ लागे तेवढ्यात माणूस चप्पल घालून वेशीबाहेर पोचे. त्यामुळे पुऱ्यात थांब्यावर ताटकळत उभं राहण्याची पद्धतच नव्हती. बोरं पिकली की अस्वल उद्यानापर्यंत उतरे. तेव्हा त्या लेकरांना नावानिशी घरात बोलावत. एकदा उद्यानामागे धूर दिसला. काकूंनी सांगितलं, "डोंगराले धूर हाये. पळसाच्या अंगानं." पुरुष हिरव्या फांद्या घेऊन धावले आणि वणवा पसरायच्या आत विझला. त्याची बातमी मी दिली. आग कशाने लागली असेल, असं काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मले धूर दिसला, मी धूर सांगतला. कशानं लागली थे दिसलं नाई. थे तुमी शोधा, तुमाले त्याचा पगार हाये."

जुनी ठिकाणं बघत फिरणारी शहरी मंडळी कधीमधी बुरुजाचे फोटो घ्यायला येत. एकाने त्यांना विचारलं, "हा बुरूज कोणत्या काळातला?" काकू म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या आंधीचा हाये." दुसऱ्या एका पाहुण्याने ड्रोन उडवला. बायका घाबरून वर बघू लागल्या. काकूंनी हात आडवा धरून नीट पाहिलं आणि जाहीर केलं, "घार नाई. मशीन हाये. पापड खात नाई. बसा." बायका बसल्या.

वानरांच्या टोळीच्या म्होरक्याला त्यांनी 'जावई' असं नाव दिलं होतं. तो न सांगता येई, ऐटीत बसे, चांगलंचुंगलं उचले, आणि त्याला कोणी काही बोललेलं चालत नसे, ही त्यामागची कारणं. तो काकूंना ओळखत होता. पुऱ्यातलं दुसरं कोणीही ओरडलं तर तो मान वळवत नसे. काकूंचा पहिला शब्द आला की हातातली बिबडी टाकून निघे. "याले माहा धाक नाई," काकू म्हणत. "याले वाटते हे बाई बोलाले लागली की थांबत नाई. त्यापेक्षा गेलेलं बरं."

एका दिवाळीनंतर काकूंचा आवाज बसला. आधी सगळ्यांना तो थंडीचा परिणाम वाटला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. होळीपर्यंत आवाज वेशीऐवजी गिरणीपर्यंतच पोचू लागला. मग मारुतीच्या देवळापर्यंत. मग एके सकाळी त्यांनी तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. मुलगा मनोहर पुण्याहून आला आणि त्यांना अकोल्याला घेऊन गेला. माझं अकोल्यात काम होतं म्हणून मीही सोबत होतो. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती, साधी. काढावी लागणार होती. आवाज किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "आपण शिक्षिका होता का?"

"घरीच असते ती," मनोहर म्हणाला.

काकूंनी त्याला हाताने थांबवलं आणि उरल्यासुरल्या आवाजात स्वतः उत्तर दिलं. "वांदरं हाकलतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसू आवरून ते म्हणाले, "शस्त्रक्रियेनंतर मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

बाहेर आल्यावर रसवंतीच्या बाकावर मायलेकांचं बोलणं झालं. मनोहर शांत माणूस. तो म्हणाला, "आई, पुरे झालं आता. पुण्याला चल. तिथं वानर नाही, काही नाही. आराम कर." काकूंनी उसाच्या रसाचा पेला हातात फिरवला. "आवाज आला त मी तिठीच राह्यतो," त्या घोगऱ्या, तुटक शब्दांत म्हणाल्या. "नाई आला त येतो तुह्यासंग. बिनआवाजाचं त्या बुरजावर काय करू? मले पाहून वांदरं हासतीन." मनोहरने मान डोलावली. हा करार माझ्यासमोर झाला, आणि दोघंही शब्द पाळणारे होते. गाठ निघाली. काकू पुऱ्यात परतल्या, मुक्या. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, त्याआधीच वाळवणाचा हंगाम येऊन ठेपला.

पुऱ्याने आपल्या परीने उपाय केले. पहिला उपाय शेवंताबाईंचा. शेवंताबाई म्हणजे काकूंच्या शेजारच्या धाब्याच्या मालकीण, भांडण आणि मैत्री दोन्ही काकूंशीच. त्यांनी ठरवलं की वानर दिसलं की प्रत्येकीने स्टीलची थाळी वाजवायची. दुसऱ्या दिवशी वानर दिसलं. थाळ्या वाजल्या. उद्यानातून उरलेली टोळीही आली. मारुतीच्या देवळात शनिवारी आरतीला थाळी वाजते आणि त्यानंतर वानरांना गूळ-चणे मिळतात, हे सगळ्यांना माहीत होतं. थाळी हातात घेताना कोणालाच आठवलं नाही. जितकी थाळी जोरात, तितकी वानरं आशेने जवळ. राधाबाईंच्या कुरडयांची परात रिकामी झाली. काकू बुरुजावर उभ्या राहून दोन्ही हातांनी 'थांबवा, थांबवा' अशा खुणा करत होत्या. बायकांना वाटलं, आणखी जोरात वाजवा म्हणतात.

दुसरा उपाय गजाननचा. गजाननचा मंडप आणि साउंडचा धंदा. तो म्हणाला, आवाज काकूंचाच पाहिजे, मग काकूंचाच लावू. पण काकूंचा आवाज कोणी कधी रेकॉर्ड केला नव्हता. जो रोज फुकट ऐकू येतो तो कोण जपून ठेवणार? शोधाशोध झाल्यावर शेवंताबाईंच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो सापडला. काकू मांडवात पंगतीची व्यवस्था बघत होत्या. गजाननने तेवढा तुकडा काढला आणि शेवंताबाईंच्या धाब्यावर भोंगा बांधला. वानरं आली. गजाननने बटण दाबलं. सगळ्या पुऱ्यावर काकूंचा जुना, भरदार आवाज घुमला. "पह्यली पंगत बसून राह्यली. वऱ्हाड्याइले पानी द्या. हात धुवून घ्या."

वानरं जी उधळली ती उद्यानापलीकडे जाऊन थांबली. शब्दांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पुढचे काही दिवस पुऱ्यात रोज पहिली पंगत बसत राहिली. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या दुसऱ्या गावच्या माणसाने हात खरंच धुतले आणि लग्न कोणाकडे आहे असं विचारलं. अण्णांनी मला अडवून सांगितलं, "पूर्वी निदान मजकूर तरी खरा असायचा."

मग जावई विचार करू लागला. आवाज आहे, बाई बुरुजावर गप्प उभी आहे, आणि पंगत तर कुठेच दिसत नाही. एका सकाळी तो सावकाश आला, शेवंताबाईंच्या टोपलीतून बिबडी उचलली आणि भोंग्यावरच जाऊन बसला. त्याच्या बुडाखालून काकू सांगत होत्या, "हात धुवून घ्या." तो खात होता. काकू बुरुजावर बसल्या आणि आवाज न करता इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. बोलायची मनाई होती, हसण्याबद्दल डॉक्टर काही म्हणाले नव्हते. हसू ओसरल्यावर त्यांनी गजाननला खूण केली, पुन्हा लाव. त्याने लावलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. डोकं थोडं कलतं करून त्यांनी पूर्ण तुकडा ऐकला. स्वतःचा आवाज बाहेरून त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. नंतर त्या वेळेआधीच खाली उतरल्या. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून पुसली. ती पुण्याला न्यायची पेटी होती.

या काळात अण्णांची एस.टी. चुकली. त्यांना जळगाव जामोदला बँकेत जायचं होतं. ते तयार होऊन घरात बसून राहिले आणि गाडी आली तशी गेली. 'नाल्यावर आली' असं कोणी सांगितलंच नव्हतं. ते उन्हात चालत फाट्यापर्यंत गेले. जीप मिळाली नाही, चालत परत आले. काकूंनी वरून दोन्ही वेळा पाहिलं. याबद्दल अण्णा कोणाशी बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "त्यांच्या प्रकृतीला कसं आहे? आपण विचारून सांगा." मी म्हटलं, जाऊन विचारा. निरोप माणसाने स्वतः जाऊन द्यावा, हे त्यांचंच म्हणणं होतं. ते गेले. काकूंनी त्यांना चहा दिला आणि हाताने विचारलं, एस.टी. कुठे गेली? अण्णा खालमानेने चहा प्यायले.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, तीही जपून. अकोल्याहून परतताना मनोहर सोबत होता आणि त्याने पुण्याची दोन तिकिटं काढून ठेवली होती. काकूंनी त्याला सांगितलं, "उद्या सकाळी पाहू. बुरजावर पाहू." घरात त्यांचा आवाज बरा वाटत होता, थोडा घोगरा. पण घरातल्या आवाजावरून काही ठरणार नव्हतं.

सकाळी पुऱ्यातल्या सगळ्या छपरांवर बायका होत्या. वाळवण घातलं होतं, पण कोणी त्याकडे बघत नव्हतं. मनोहर पेटी घेऊन अंगणात उभा होता. अण्णा, जे कधी छपरावर चढत नसत, ते आपल्या धाब्यावर खुर्ची टाकून बसले होते. काकू नेहमीच्या चालीने पायऱ्या चढल्या, कमरेवर हात ठेवले आणि डोंगराकडे पाहत राहिल्या. उद्यानातल्या कडुनिंबावरून जावई उतरला. मागे टोळी. त्यांना बुरुजाच्या कडेला येऊ दिलं आणि मग काकू बोलल्या.

"वांदरं आले वो. बुरजाकडून आले."

मी त्यांच्यामागे पायरीवर होतो, मला ऐकू आलं. शेवंताबाईंच्या धाब्यावर पोचलं असावं. त्यापुढे नाही. खरवडल्यासारखा, पातळ आवाज होता तो. राधाबाई दोन छपरांपलीकडे तशाच उभ्या होत्या, आपल्याला सांगितलं आहे हे त्यांना कळलं नव्हतं. जावयाने काकूंकडे पाहिलं आणि पुढचा पाय कठड्यावर टाकला. काकू आणखी एकदा बोलल्या नाहीत. कमरेवरचे हात खाली आले. त्यांनी माझ्याकडे वळून फक्त "सरका" म्हटलं, कारण मी पायरी अडवली होती.

तेवढ्यात शेवंताबाई बोलल्या. त्यांनी काकूंकडे वळूनही पाहिलं नव्हतं. कमरेवर हात, तोंड वेशीकडे. "वांदरं आले वो. डोंगराकडून आले. राधा, तुह्या कुरडया उचल." राधाबाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनीही तोंड वेशीकडे केलं. "वांदरं आले वो. डोंगराकडून आले." पुढच्या छपरावरून गजाननची आई. मग देवळामागची सून. निरोप छपराछपरांवरून पुढे सरकत गेला, प्रत्येक वेळी वेगळ्या गळ्यातून, पण चाल तीच, थांबे तेच, अगदी 'वो' लांबवायची पद्धतही तीच. पुरा इतकी वर्षं रोज ऐकत होता, त्याला ते पाठ होतं. जावई कठड्यावर थांबला. आजवर बाई एका जागेवरून बोलायची. आज सगळ्या बाजूंनी बोलत होती. त्याने बिबड्यांकडे पाहिलं, छपरांकडे पाहिलं, आणि टोळीसह परत कडुनिंबावर गेला.

काकू पायरीवरून परत वर चढल्या. त्यांनी शेवंताबाईंना हाक मारली. तेवढ्या अंतराला आवाज पुरला.

"शेवंते, 'डोंगराकडून' कोन म्हटलं वं? मी 'बुरजाकडून' म्हटलं. डोंगर काय इथंच संपते का? लोकाइनं पाहावं कुठी?"

"मंग जोरानं बोलत जाय ना बाई," शेवंताबाई म्हणाल्या.

"तू हायेस ना जोरानं बोलाले. मी सांगतो थे बरोब्बर बोल."

मनोहरने एक तिकीट रद्द केलं. पेटी मात्र पुण्याला गेली. तिच्यात बिबड्या, सरगुंडे आणि मुगवड्या भरल्या होत्या. निघताना तो हसत होता. काकूंनी त्याला एवढंच सांगितलं, "बोलली होती तसं झालं. आवाज आला." किती आला, हे करारात नव्हतं.

त्यानंतरची पद्धत अशी पडली. काकू बघणार आणि बोलणार, शेवंताबाई ते उचलणार आणि पुढे छपरागणिक एकेक गळा. मध्ये कोणी शब्द बदलला तर काकू कसं कोण जाणे ओळखत आणि दुपारी जाब विचारत. पदरची भर घातलेली त्यांना चालत नसे. साखळीत एकच घर बसत नव्हतं, वेशीजवळचं शेवटचं. अण्णांच्या अलीकडच्या छपरापर्यंत निरोप येई आणि तिथे थांबे. तेवढ्यावरून थांब्यावरच्या माणसांना अर्धंमुर्धं कळे. अण्णा ऐकत, एस.टी.ची वेळ साधत, पण तोंड उघडत नसत. "वयाच्या या टप्प्यावर ओरडणं मला जमणार नाही," असं त्यांनी सगळ्यांना नम्रपणे सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "राहू द्या. कोर्टात आयुष्य गेलं. तिठी मोठ्यानं बोलनाऱ्याले बाहेर काढते."

माझी अमरावतीच्या कार्यालयात बदली झाली. निघायच्या दिवशी काकू फार काही बोलल्या नाहीत. डबा दिला, अंगणापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "खोली कोन्या बोलनाऱ्याले देनार नाई. तुमी गप्प राह्यचे, थे बरं होतं." मग एस.टी. नाल्यावर आल्याचा निरोप छपरांवरून माझ्यापुढे धावत वेशीकडे गेला आणि मी त्याच्यामागे बॅग घेऊन गेलो.

गाडीत बसलो. कंडक्टरने दार ओढलं, हात घंटीच्या दोरीकडे नेला. त्याच वेळी पुऱ्यातून पुन्हा काहीतरी पुढे सरकत येताना ऐकू आलं. एक गळा, दुसरा, तिसरा. शब्द कळत नव्हते. निरोप अण्णांच्या अलीकडच्या छपरापर्यंत आला आणि नेहमीप्रमाणे थांबला. कंडक्टरही थांबला. पुऱ्यातून काही येत असलं की गाडी सोडायची नाही, हे त्या मार्गावरच्या सगळ्या कंडक्टरांना माहीत होतं.

अण्णा आपल्या धाब्याच्या कठड्याशी आले. पांढरा सदरा, सगळी बटणं लावलेली. त्यांनी कमरेवर हात ठेवले, आणि ज्यांनी आयुष्यात कोणाला 'तू' म्हटलं नव्हतं त्यांनी फाटक्या, भल्या मोठ्या आवाजात सांगितलं, "पेपरवाल्या, खोलीले कुलूप लावून चावी कुठी घेऊन चालला बे?"

अण्णांनी घसा साफ केला आणि जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "मूळ मजकूर असा आहे. माझ्याकडून त्यात काही नाही."

चावी माझ्या खिशात होती. मी खिडकीतून हात बाहेर काढला. अण्णा खाली उतरले, वेशीतून आले, चावी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून पुन्हा वर गेले. मग त्यांनी तोंड बुरुजाकडे केलं.

"चावी मिळाली वो."

'वो' त्यांनी काकूंइतकाच लांबवला. अलीकडच्या छपराने तो निरोप उचलला. मग देवळामागून, मग गजाननच्या आईकडून, राधाबाईंकडून, शेवंताबाईंकडून. आजवर सगळं बुरुजाकडून वेशीकडे आलं होतं. पहिल्यांदाच काहीतरी उलट दिशेने वर जात होतं. बुरुजावर काकू उभ्या होत्या, इथून बोटाएवढ्या दिसत होत्या. निरोप त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा त्यांनी एक हात वर केला.

तो हात दिसल्यावर कंडक्टरने घंटी मारली.